वर्गासाठी खेळ की एका मुलासाठी वर्तनपत्रक?

वर्ग आवरत नाही म्हणून काहीतरी करायचंय, अशा वेळी दोन पद्धतींची नावं हमखास पुढे येतात. दोन्हींवर भरपूर संशोधन झालंय. पण त्या वेगवेगळ्या दुखण्यांवरच्या आहेत, म्हणून निवड जपून करावी.

पहिली 'गुड बिहेवियर गेम', म्हणजे चांगल्या वागण्याचा खेळ. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात तिचा पहिला प्रयोग छापून आला. वर्गाचे दोन गट करायचे. कुणी न विचारता बोललं किंवा जागा सोडली की फळ्यावर त्या गटापुढे एक रेघ. कमी रेघांचा गट जिंकतो आणि ठरलेल्या मर्यादेत राहिले तर दोन्ही गट जिंकतात. बक्षीसही साधंच: जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, थोडा मोकळा वेळ. पुढे अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात १९८५ पासून पहिलीच्या मुलांबरोबर हा खेळ झाला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. पहिलीत फार आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये तरुणपणी व्यसनाचं प्रमाण कमी आढळलं. एवढ्या लांबचा परिणाम शालेय उपक्रमांत क्वचितच दिसतो. मात्र इंग्लंडमध्ये ७७ शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत वाचनात सुधारणा दिसली नाही, वर्तनातही एकूण फरक पडला नाही. कित्येक शाळांत खेळ ठरल्याइतका खेळलाच गेला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

दुसरी पद्धत रोजच्या वर्तनपत्रकाची: मुलाने ठरलेली लक्ष्यं पाळली का, ते शिक्षक रोज कागदावर नोंदवतात आणि तो कागद घरी जातो. ती एकाच मुलासाठी असते, विशेषतः एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशेष शिक्षण घेणाऱ्या ६३ मुलांचे दोन गट करून, एकाच गटाला पत्रक देऊन, वर्षभर पाहिलं. पत्रक मिळालेल्यांचं वर्गातलं वागणं सुधारलं, परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत.

या पत्रकाचं यश त्यातल्या वाक्यांवर ठरतं. 'आज नीट वागला' असं लिहून काहीच साधत नाही. 'गणिताच्या तासाला तीनपेक्षा जास्त वेळा आठवण करून द्यावी लागली नाही' असं मोजता येणारं हवं. आधी चार-पाच दिवस नुसतं मोजा. मूल तासाला दहादा उठत असेल तर पहिलं लक्ष्य सात ठेवा, शून्य नको. पहिल्याच आठवड्यात त्याला यश मिळालं पाहिजे, नाहीतर ते पत्रक दप्तराच्या तळाशी जातं.

सगळा वर्गच गोंगाट करत असेल तर खेळ घ्या. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना पन्नास पत्रकं भरणं शक्यच नाही. त्रास एक-दोघांपुरता असेल तर पत्रक. स्वमग्न किंवा फार चंचल मुलाला गटात घालून 'तुझ्यामुळे हरलो' हे रोज ऐकायला लावू नका, माझा याला ठाम विरोध आहे. खेळ घ्यायचाच असेल तर त्याच्या रेघा गटात धरू नका, त्याचं लक्ष्य वेगळं ठेवा.

पत्रकाची एक अट आहे: घरून साथ हवी. संध्याकाळी कुणीतरी ते वाचून मुलाला अर्धा तास जास्त खेळू द्यावं, एवढंच. पण खराब पत्रक पाहून घरी हात उगारला जात असेल तर ते घरी पाठवूच नये. बक्षीस शाळेतच, मधल्या सुट्टीत द्यावं आणि घरी फक्त चांगल्या दिवसांची चिठ्ठी जावी.