एनमॅप: अख्खी लॅब एका ओळीत

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४२ मशीन. कोणतं चालू, कोणतं बंद हे बघायला पूर्वी रांगेरांगेने फिरायचो. आता प्राचार्यांची परवानगी घेऊन ठेवलीय. टर्मिनल उघडतो, सुडो (म्हणजे अॅडमिनचे अधिकार) लावून एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाला ‘-एसएन’ (कोण चालू आहे एवढंच बघ) आणि १९२.१६८.१.०/२४ (लॅबच्या नेटवर्कचे सगळे पत्ते) देतो. चहा निवायच्या आत २५६ पत्ते तपासून होतात. सुडो विसरू नका! विंडोजची फायरवॉल पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या साध्या हाकेला, बहुधा दाद देत नाही. पण सुडो असेल तर एनमॅप एआरपी, म्हणजे पत्त्यावरून मशीन शोधणारी विचारणा, वापरतो आणि त्याच नेटवर्कवर तिला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून गप्प बसलेली मशीनही सापडतात. परवा ‘-एसएन’ न लावता पोर्टही (मशीनमध्ये शिरायची दारं) तपासले, तर तिसऱ्या रांगेतल्या एकावर ३३८९ पोर्ट, म्हणजे दुसरीकडून मशीन चालवू देणारा रिमोट डेस्कटॉप, उघडा दिसला. लगेच बंद केला. १९९७ पासूनचं हे साधन आजही फुकट मिळतं, याचं मला फार अप्रूप आहे. यूडीपी (पोच न मागता संदेश पाठवायची पद्धत) पोर्टांचा स्कॅन मात्र रेंगाळतो, तो रात्रीच लावा.