जाळी, भिंत आणि मग टर्न : स्ट्रीट रेसची सीट निवडायचा तक्ता, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कुठेही बसा, खेळपट्टी दिसतेच. लांबून दिसेल, तिरकी दिसेल, पण चेंडू कुठे गेला ते कळतं. स्ट्रीट सर्किटवर, म्हणजे शहराच्या रस्त्यांवर आखलेल्या मोटार रेसच्या मार्गावर, ही सोय नसते. सिंगापूरचं मरीना बे सर्किट साधारण ४.९ किलोमीटरचं आहे आणि एका सीटवरून त्यातले जेमतेम शंभर-दीडशे मीटर दिसतात. बाकीचं सर्किट इमारती, झाडं आणि पुलांच्या आड. तिकिटाचे पैसे आपण मोजतो ते या शंभर-दीडशे मीटरसाठी, आणि बहुतेक जण ते टर्नचं, म्हणजे वळणाचं, नाव बघून निवडतात.

वाशी, नेरूळ आणि ठाण्यातल्या आमच्या रेस बघणाऱ्या मंडळींनी सीट निवडण्यासाठी एक एक्सेलचा तक्ता केला. ऑक्टोबर २०२५ च्या सिंगापूर ग्रांप्री या फॉर्म्युला वन रेसच्या सीट त्यावरून घेतल्या आणि नंतर चेन्नई, बाकू, मोनॅको या सर्किटांच्या नकाशांवर तो चालवून पाहिला. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रेस होण्याच्या बातम्या आल्यापासून इथे बरेच जण विचारतात, म्हणून तक्त्यात काय टिकलं आणि काय बदलावं लागलं ते सविस्तर लिहितो आहोत.

सुरुवातीला १०० पैकी सर्वांत जास्त गुण ओव्हरटेकिंगला होते, तीस. ते चुकलं. आता वाटणी अशी आहे : जाळीचा कोन ३०, समोरची भिंत २५, गाडी दिसण्याचा वेळ २०, मोठा स्क्रीन १५, ओव्हरटेकिंग १०. ऊन, पाऊस, गेट आणि किंमत यांना गुण नाहीत. तिथे जमत नसेल तर ती सीट सरळ यादीतून बाद.

पहिला रकाना जाळीचा, आणि सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला. स्ट्रीट सर्किटला कडेने साधारण एक मीटर उंचीचे काँक्रीटचे ब्लॉक असतात आणि त्यांच्यावर तारेची जाळी. मिळून उंची साडेतीन मीटरच्या आसपास जाते. जाळीकडे काटकोनात पाहिलं तर डोळा तारा विसरतो. कोन कमी झाला की भोकं दिसायला अरुंद होतात, तारेची जाडी मात्र तेवढीच राहते. पाच सेंटिमीटरचं भोक ३० अंशांतून अडीच सेंटिमीटरचं दिसतं, १५ अंशांतून सव्वा सेंटिमीटरचं. खांबांचंही तसंच. चार मीटरवर असलेले खांब ३० अंशांत दोन मीटरवर आल्यासारखे दिसतात, १५ अंशांत एका मीटरवर. म्हणजे गाडी दूरवरून येताना दिसायला हवी, तेव्हा समोर करडा पडदा उभा असतो.

हे तिकीट काढण्याआधी घराजवळ तपासता येतं. महापालिकेच्या एखाद्या मैदानाला तारेचं कुंपण असतं. त्याच्यापासून पाच मीटर मागे उभं राहा आणि समोरून धावणाऱ्या मुलाकडे बघा. तो अगदी समोर असतो तेव्हा जाळी जाणवतही नाही. डावीकडे वीस-पंचवीस पावलं गेला की त्याचा शर्ट दिसतो, शर्टावरचा आकडा वाचता येत नाही. तो आकडा जिथे पुसट होतो तिथला कोन आमच्या मोजणीत ३० अंशांच्या आसपास निघाला. तक्त्यातली मर्यादा तीच आहे. टर्नमध्ये शिरतानाची जागा, वळणाचा आतला बिंदू आणि बाहेर पडतानाची जागा, या तिन्हींकडे सीटवरून नकाशावर रेघ ओढायची. तीनपैकी दोन रेघा जाळीशी ३० अंशांपेक्षा जास्त कोन करत असतील तरच पुढे जायचं. सॅटेलाइट नकाशा, अंतर मोजायची पट्टी आणि कागदावर एक कोनमापक एवढं पुरतं.

‘वरची रांग घ्या, जाळीच्या वरून दिसेल’ हा सल्ला सगळे देतात. आम्हीही तो आधी तक्त्यात घातला होता. मग हिशेब केला. स्टँड जाळीपासून ५ मीटर मागे, पहिल्या रांगेची फळी जमिनीपासून दीड मीटरवर, प्रत्येक रांग ३५ सेंटिमीटरने वर आणि ७५ सेंटिमीटरने मागे, बसल्यावर डोळे फळीपासून १.२ मीटरवर, जाळी ३.६ मीटर उंच आणि रस्ता १२ मीटर रुंद, अशी मापं धरली. दहाव्या रांगेतून पलीकडच्या कडेची गाडीसुद्धा जाळीतूनच दिसते. विसाव्या रांगेतून जाळीपासून नऊ मीटरच्या पलीकडे असलेली गाडी वरून मोकळी दिसू लागते, म्हणजे रस्त्याचा शेवटचा एक चतुर्थांश भाग. वरच्या रांगेचा खरा फायदा म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही आणि पुढची दोन वळणं दिसू शकतात. जाळीपासून सुटका होत नाही. त्यामुळे ‘वरची रांग’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी कोन बघा.

आता भिंत, म्हणजे जाळीखालचे ते एक मीटरचे काँक्रीटचे ब्लॉक. घोडबंदर रोडच्या फुटपाथवर उभं राहून मधल्या काँक्रीटच्या दुभाजकापलीकडची वाहतूक पाहा. दुभाजकाला चिकटून जाणाऱ्या गाडीची फक्त काच आणि टप दिसतो, चाकं दिसत नाहीत. पलीकडच्या कडेने जाणारी गाडी टायरसकट दिसते. रेसला हेच घडतं. वरच्याच मापांनी, पहिल्या रांगेतून जवळच्या भिंतीलगतचा २.९ मीटर रस्ता झाकला जातो, दहाव्या रांगेतून २.४ आणि विसाव्या रांगेतून २.३ मीटर. कितीही वर चढलात तरी अर्धा-पाऊण मीटरच सुटतो. फॉर्म्युला वनची गाडी २०२५ पर्यंत दोन मीटर रुंद होती, २०२६ पासून १.९ मीटर, म्हणजे भिंतीला घासून जाणाऱ्या गाडीची आपल्या बाजूची चाकं कायम अदृश्य.

आणि स्ट्रीट सर्किटची सगळी गंमत त्या चाकांत आणि भिंतीत आहे. ड्रायव्हर वळणातून बाहेर पडताना गाडी भिंतीच्या किती जवळ नेतो, त्यातच त्याचा वेळ वाचतो. सिंगापूरला २०२३ साली तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्ज रसेलची गाडी शेवटच्या लॅपला (फेरीला) टर्न १० जवळ भिंतीला घासली आणि रेस तिथेच संपली. हे बघायचं तर भिंतीमागे बसून उपयोग नाही. ज्या भिंतीला गाड्या खेटतात तिच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बसायला हवं. कुठल्या भिंतीला खेटतात ते गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत कळतं. पोल पोझिशनचा, म्हणजे रेसला पहिल्या जागेवरून सुटण्याचा मान मिळवणारा, एक लॅप घ्या, प्रत्येक टर्नला थांबवा आणि बाहेर पडताना टायर आणि भिंत यांच्यात किती फट आहे ते बघा. भिंतीवर टायरचे काळे ओरखडे असतील तर ती जागा पक्की. जाळीला फोटोग्राफरांसाठी खिडकी कापलेली दिसली तर तीही खूण धरा, ते लोक उगाच उभे राहत नाहीत.

दिसण्याचा वेळ साध्या भागाकाराने निघतो. सरळ पट्ट्यावर ताशी २८० म्हणजे सेकंदाला ७८ मीटर. ऐंशी मीटर नीट दिसत असतील तर एक गाडी एका लॅपला एक सेकंद. सिंगापूरच्या ६२ लॅपमध्ये मिळून एक मिनिट. तेच ऐंशी मीटर ताशी ९० च्या वळणाचे असतील तर सव्वातीन सेकंद, रेसभरात तीन मिनिटांहून जास्त. त्याआधीचा ब्रेकिंगचा पट्टाही दिसत असेल तर आणखी दोनेक सेकंद मिळतात. पिटसमोरच्या स्टँडला स्टार्ट आणि टायरबदल दिसतात. ज्यांना रेसची चाल समजून घ्यायची आवड आहे त्यांच्यासाठी ती जागा चांगली, पण धावणारी गाडी बघायची असेल तर महागडा एक सेकंद.

मरीना बेच्या स्टँडबद्दल तक्ता काय म्हणतो ते थोडक्यात. टर्न १ ते ३ हा डावा-उजवा-डावा गुंता एका नजरेत येतो, पहिल्या लॅपची धांदल सगळी इथे. नंतर मात्र गाड्या एकामागून एक शिस्तीत जातात. रॅफल्स बुलेव्हार्डच्या लांब पट्ट्याच्या शेवटी टर्न ७, तिथे ब्रेकिंग जोरदार आणि ओव्हरटेक होण्याची शक्यताही चांगली. पाडांगचं स्टँड लांबलचक आहे आणि संगीताच्या मुख्य मंचाजवळ. तिथे सीट क्रमांकाला स्टँडच्या नावापेक्षा जास्त महत्त्व, कारण मधल्या सीटवरून गाडी नुसती सपकन जाते आणि टर्न १० च्या बाजूच्या सीटवरून तिची भिंतीशी झुंज दिसते. आमच्या गुणांत वर आलं ते कॉनॉट. अँडरसन पूल ओलांडून, टर्न १३ घेऊन गाड्या एस्प्लनेड ड्राइव्हवर वेग धरतात आणि टर्न १४ ला उजवीकडे वळायला जोरात ब्रेक लावतात. ब्रेकिंग आणि वळण दोन्ही पुढ्यात, आणि पैशाच्या मानाने सेकंद भरपूर. तीन दिवस तीन वेगळ्या स्टँडची एकत्र तिकिटंही तिथे मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच घ्यावीत असं आमचं ठाम मत आहे.

जे बिघडलं ते आता. स्क्रीनच्या रकान्यात एका तिकीट विक्रेत्याच्या नकाशावर आम्ही पूर्ण विश्वास ठेवला. प्रत्यक्षात स्क्रीनचा डावा तिसरा भाग झाडाच्या फांदीआड होता, आणि नेमकी क्रमवारी त्याच भागात दिसते. दोन तास कोण कितवा ते मोबाइलवर बघावं लागलं. स्क्रीन नसेल तर स्ट्रीट रेस कळतच नाही, कारण उरलेले पावणेपाच किलोमीटर तिथेच दिसतात. आता आधीच्या वर्षी त्याच ब्लॉकमधून प्रेक्षकांनी काढलेले व्हिडिओ पाहिल्याशिवाय त्या रकान्यात पाचपेक्षा जास्त गुण देत नाही.

पण जुने व्हिडिओही जपून. २०२३ साली मरीना बेचे जुने टर्न १६ ते १९ काढले, तिथे सरळ पट्टा आला आणि टर्न २३ चे १९ झाले. त्याआधीच्या लेखांतला ‘टर्न १८’ आज वेगळ्याच जागी आहे. ओव्हरटेकिंगचे गुण कमी केले त्यालाही असंच कारण. २०२६ च्या नियमांत डीआरएस, म्हणजे ठरावीक पट्ट्यांवर फक्त मागच्या गाडीला मागचा पंख उघडून वेग वाढवू देणारी सोय, गेलं. सरळ पट्ट्यावर पंख सपाट करायची मुभा आता सगळ्यांना, आणि एक सेकंदाच्या आत असलेल्या मागच्या गाडीला जादा विजेची ताकद मिळते. त्यामुळे डीआरएसच्या रेघा बघून आखलेले अंदाज नव्याने मांडावे लागतील.

फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस, असेल तर तक्त्याचा शेवटचा रकाना बदला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी २.८३५ किलोमीटरवर ती रेस झाली होती. तिथे जादा ताकद मिळवण्यासाठी ड्रायव्हरला एका ठरावीक वळणावर नेहमीची रेषा सोडून बाहेरून जावं लागतं. त्या वळणाला १० पैकी १० द्या. इंजिनचा आवाज नसल्याने टायर किंचाळताना ऐकू येतात, म्हणून जवळची रांग चालते.

कानांसाठी : फोमचे प्लग बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत तीस सेकंद दाबून धरायचे. नुसते कोंबले तर अर्धे बाहेर राहतात आणि उपयोग शून्य. दोन्ही बाजूंनी इमारती असल्या की आवाज घुमतो. लहान मुलांना कानांवर बसणारे मफ द्या. चष्म्याची दांडी मफच्या गादीखाली फट पाडते, अशा वेळी प्लगच बरे.

दुर्बीण आठपट पुरते. जवळची जाळी तिच्यातून विरून जाते, चित्र जरा फिकट होतं एवढंच. मोबाइलचा कॅमेरा मात्र फोकस जाळीवर धरतो. गाडी यायच्या आधी रस्त्याच्या डांबरावर बोट दाबून फोकस लॉक करा.

हवेबद्दल नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, सिंगापूरची रात्र म्हणजे आपली ऑक्टोबर हीट, वर दमटपणा. २०२५ ला तिथे उष्णतेचा धोका अधिकृतपणे जाहीर झाला होता. पाऊसही गृहीत धरा, २०२२ ची रेस पावसामुळे तासाहून उशिरा सुरू झाली. छत्री उघडली की मागच्या चौघांचं दिसणं बंद, त्यामुळे पातळ रेनकोट, आणि ओल्या सीटवर टाकायला प्लॅस्टिकची एक जाड पिशवी.

पाम बीच रोडसाठी तक्ता कोरा ठेवला आहे, पण दोन गोष्टी आत्ताच भरता येतात. रस्ता ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातो आणि खाडी पश्चिमेला आहे. दुपारची रेस असेल तर खाडीच्या बाजूचं, पूर्वेकडे तोंड असलेलं स्टँड, म्हणजे ऊन पाठीवर. आणि लांब सरळ पट्ट्याच्या मधलं स्टँड कितीही स्वस्त मिळालं तरी तिथे एका लॅपला एक सेकंद, हा हिशेब बदलत नाही. पट्टा जिथे संपतो तिथली भिंत शोधा आणि तिच्या समोरची बाजू.