हेवी डिपॉझिट, पाचशेचा स्टँपपेपर आणि ‘दिवाणी मॅटर’

डोंबिवली-कल्याणकडे घर शोधणाऱ्यांना ‘हेवी डिपॉझिट’ माहीत असतं. पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. माझ्या आतेभावाने गेल्या वर्षी असेच सहा लाख दिले. घर दाखवणारा स्वतःला मालक म्हणवत होता, चावीही त्याच्याकडेच. करार "पुढच्या आठवड्यात रजिस्टर करू." सामान घेऊन गेलो तर आत दुसरंच कुटुंब, त्यांनीही त्यालाच डिपॉझिट दिलेलं. खरे मालक गावी आणि हा त्यांचा जुना भाडेकरू.

एवढी फसवणूक पेपरात रोज येते. खरी चलाखी पुढे आहे.

हा माणूस पळाला नाही. फोन उचलायचा, "दादा, पैसे बुडणार नाहीत, लिहून देतो" म्हणायचा. आणि दिलंही लिहून. पाचशेच्या स्टँपपेपरवर, नोटरी करून: घरगुती अडचणीसाठी सहा लाख हातउसने घेतले, सहा महिन्यांत फेडतो. खाली दोघांच्या सह्या, सोबत एक चेक. घराचा किंवा डिपॉझिटचा शब्दही नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, पुरावा मिळाला म्हणून.

पोलीस ठाण्यात साहेबांनी तोच कागद वाचला आणि म्हणाले, "उसनवारी आहे. दिवाणी मॅटर, कोर्टात जा." संताप आला, पण नुसतं कर्ज थकवणं हा गुन्हा नाहीच. फसवणूक, म्हणजे जुनं ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, लागायला पैसे घेतानाच लबाडी होती हे दिसावं लागतं. ती होती खोट्या मालकीत, एकाच घरावर दोघांकडून पैसे उकळण्यात. नव्या कागदाने नेमकं तेच झाकलं. दिवाणी कुठे संपतं आणि फौजदारी कुठे सुरू होतं, हे या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

चेकचंही तसंच. परत आला की "पुढच्या महिन्यात टाका, नक्की पास होईल." बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, मग पैसे भरायला त्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. चेकचं आयुष्यच तीन महिन्यांचं. गोड बोलण्यात ते संपलं.

वकीलबाईंनी मग स्टँपपेपर बाजूला ठेवून आधीचं सगळं गोळा केलं: ‘डिपॉझिट’ लिहिलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बँकेची एंट्री, त्या दुसऱ्या कुटुंबाचं आणि खऱ्या मालकांचं म्हणणं. लेखी तक्रार ठाण्यात, मग वरिष्ठांकडे, शेवटी प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे. तेव्हा कुठे गुन्हा नोंदला गेला. फौजदारी खटल्यात त्याला शिक्षा झाली, तरी सहा लाख हातात पडतीलच असं नाही. म्हणून वसुलीचा दिवाणी दावाही टाकलाय. असा दावा टाकायला मुदत तीन वर्षांची. दोन्ही एकाच वेळी चालतात, "एकच निवडा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पैसे देण्याआधी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा) आणि सोसायटीकडून मालकाचं नाव तपासा. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर राहायला देण्याचा करार नोंदवणं ही महाराष्ट्रात मालकाचीच जबाबदारी आहे. आणि फसल्यावर कुणी कागद पुढे केलाच, तर त्यात घराचा पत्ता, डिपॉझिट कशाचं आणि ते स्वतःला मालक सांगून घेतलं, हे येऊ द्या. तो तयार नसेल तर सही न करता उठा आणि थेट लेखी तक्रार द्या, पोच घेऊन.