पागा बांधून घेताना आम्ही कसे फसलो

नाशिकच्या आसपास घरच्या जागेत घोड्यासाठी पागा, गाईंसाठी गोठा किंवा नुसती पत्र्याची शेड कुणी बांधून घेणार असेल, तर ठेकेदाराच्या हातात पहिला रुपया देण्याआधी हे वाचा. आमचे ४ लाख १० हजार रुपये गेले. घोडीच्या मागच्या पायाला चौदा टाके पडले. पैशांचं दुःख कमी होत चाललंय, टाक्यांचं होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, गिरणारेकडे जाणाऱ्या रस्त्याला. मागे वडिलोपार्जित अठरा गुंठे जागा. सासरे, म्हणजे आबा, तरुणपणी पंचवटीत टांगा चालवायचे. टांगे गेले, घोडी विकली, पण त्यांचं मन काही घोड्यावरून उतरलं नाही. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी नातीसाठी एक मारवाडी घोडी आणली. कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. लेकीने तिचं नाव चांदणी ठेवलं. वर्षभर ती एका ओळखीच्यांच्या तबेल्यात भाड्याने होती. मग ठरवलं की आता घरीच ठाण, म्हणजे तिची बांधायची जागा, करायचं.

आराखडा साधा होता. बारा बाय बाराची दोन ठाणं, शेजारी तेवढीच वैरणीची खोली आणि पुढे आठ फुटी पडवी. छत्तीस बाय वीस, एकूण ७२० चौरस फूट. तिघांकडून भाव मागवले, तिघेही चौरस फुटाला ८५० च्या आसपास होते. चौथा हा, ज्याने आम्हाला फसवलं. घोडे सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या मोतद्दाराकडून नंबर मिळाला आणि त्याने ६५० सांगितले. म्हणजे ६ लाख १२ हजारांच्या जागी ४ लाख ६८ हजार.

फरक खूप होता, शंका यायला हवी होती आणि आलीही. पण तो घरी आला तेव्हा आधी आमच्याशी बोललाच नाही. चांदणीला बघायचंय म्हणाला. तबेल्यात गेलो तर थेट समोरून न जाता खांद्याच्या बाजूने गेला, हात पुढे करून तिला हुंगू दिला, मानेवरून हात फिरवत फिरवत देवमन, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, कुठे आहे ते दाखवलं. एरवी अनोळखी माणसाला बघून कान मागे पाडणारी घोडी गप्प उभी राहिली. आबा मला हळूच म्हणाले, "जनावर माणूस ओळखतं." तिथेच आमचा निर्णय झाला. घोड्याजवळ कसं उभं राहायचं हे त्याला खरोखर येत होतं. त्या एका खऱ्या गोष्टीच्या भरवशावर आम्ही त्याच्या बाकीच्या दहा गोष्टी तपासल्या नाहीत. घोड्याची पारख वेगळी आणि लोखंडाची वेगळी, हे त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही.

बोलायलाही तो तयारीचा होता. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेत नाही, म्हणून मूत आणि लिदीचा उग्र वास कोंडला की आधी फुप्फुसं बिघडतात. त्यासाठी आढ्यावर फूटभर फट आणि वर टोपी ठेवू, म्हणाला. दार चार फूट रुंद आणि बाहेर उघडणारं. खाली सिमेंटचा गुळगुळीत कोबा नको, नाल घसरते. सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, करून वर मुरूम ठोकू आणि त्यावर रबरी मॅट टाकू. हे सगळं बरोबर आहे. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. काय बांधायला हवं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याने ते बांधलं नाही.

पैसे असे गेले. टोकन म्हणून ५० हजार. आठ दिवसांनी, "ताई, लोखंडाचा भाव सोमवारी वाढतोय, माल आजच उचलतो," म्हणून २ लाख. पत्रा आला तेव्हा १ लाख २० हजार. शेवटी रबरी मॅटचे वेगळे ४० हजार, ते आगाऊ. यातले १ लाख ६० हजार रोख. कारण विचारलं तर म्हणाला, पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर द्यावा लागेल, तुमचेच पैसे वाचवतोय. तरी मी बिल मागितलं. मग जीएसटी क्रमांक छापलेला एक कागद दिला. क्रमांक २७ ने सुरू होणारा, पंधरा अंकी-अक्षरी, म्हणजे महाराष्ट्रातला आणि दिसायला व्यवस्थित. तो मी तपासला जूनमध्ये. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं, पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. तो क्रमांक दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला. फेब्रुवारीत दोन मिनिटं काढली असती तर गोष्ट तिथेच थांबली असती.

पायाचे खड्डे खणले त्या दिवशी आम्ही लग्नाला येवल्याला गेलो होतो. तारीख त्यानेच ठरवली होती आणि लग्नाचं त्याला माहीत होतं. संध्याकाळी मोबाइलवर खड्ड्यांचे सहा फोटो आले. खोल, चौकोनी, आत सळईची जाळी, शेजारी टेप धरलेला, तीन फूट. मी आबांना दाखवले, त्यांनी "छान" म्हटलं. परत आलो तेव्हा खड्डे भरलेले, वर खांबांसाठीच्या लोखंडी बेसप्लेट बसलेल्या. ते फोटो मी त्यानंतर किती वेळा पाहिले असतील! मे महिन्यात पहिल्यांदा लक्षात आलं की फोटोतली माती लाल आहे. आमची जमीन काळी आहे.

काळ्या मातीचं इथल्या कुणालाही सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यातून खाली जाऊन मुरूम लागेपर्यंत पाया न्यावा लागतो. शिवाय पत्र्याची शेड हलकी असते, तिला खाली बसण्याचा धोका कमी आणि वर उचललं जाण्याचा जास्त. एका बाजूने उघडी पडवी असली की वारा आत शिरून छताला खालून ढकलतो. त्या वेळी शेडला धरून ठेवतं ते फुटिंगचं, म्हणजे खांबाखालच्या सिमेंटच्या पायाचं, वजन. आमच्या आराखड्यात पडवी पूर्वेला होती. त्याने ती पश्चिमेला काढली, रस्ता त्या बाजूला आहे म्हणून गाडीला सोपं पडेल असं सांगून.

एप्रिलमध्ये चांदणी घरी आली. पूजा झाली, लेकीने दाराला तोरण बांधलं. आठवडाभरात ती खोकायला लागली. आढ्यावरची फट नव्हतीच, टोपी तेवढी होती, पत्र्यावर स्क्रूने बसवलेली आणि खालून बंद. शिडी लावून कुणी वर बघितलं नव्हतं. ठाणाच्या मधल्या फळ्यांनाही डांबरट वास यायचा. दोन इंची जुना साग ठरला होता. वाळवी लागू नये म्हणून औषध लावलंय, असं सांगून काळा रंग फासलेला होता. ते गाडीचं जळकं ऑइल होतं आणि खालचं लाकूड एमआयडीसीत यंत्रं ज्यात येतात त्या पेट्यांचं पाइन. घोडं उभ्या उभ्या फळी कुरतडतं, चाटतं. जळकं ऑइल तिच्या पोटात जात होतं. आम्ही फळ्या काढल्या, त्याला फोन केला. "उद्या येतो भाऊ," असं तो आमच्या ह्यांना रोज सांगायचा. मॅट आल्या नव्हत्याच.

मेमध्ये तो वळीव आला. दुपारी चारला आभाळ भरलं, पाचला असा वारा सुटला की समोरच्या द्राक्षबागेच्या तारा वाजत होत्या. पडवीचा कोपऱ्यातला खांब फुटिंगसकट उपटून वर आला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. सिमेंटचा गोळा खांबाला लोंबकळत होता, दीड फुटापेक्षा खोल नव्हता आणि हाताने दाबला की भुगा होत होता. त्यामागे पत्रे एकेक सुटले. दोन पत्रे ठाणात पडले. चांदणी उधळली, एका पत्र्याची धार तिच्या डाव्या मागच्या पायात, खुराच्या वर, गेली. आबा वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या पावसात आत शिरले आणि तिच्या मानेला मिठी मारून उभे राहिले, ती शांत होईपर्यंत. डॉक्टर रात्री नऊला आले. घोड्याला धनुर्वाताची भीती फार असते, त्यामुळे टाक्यांआधी त्याचं इंजेक्शन. पुढे अडीच महिने ती लंगडत होती.

दुसऱ्या दिवशी अंबडला फॅब्रिकेशनचा गाळा असलेला आमचा भाचा आला. त्याने पाइपचा तुकडा कापला आणि जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. कोटेशनमध्ये चार बाय दोन इंची, २ मिलिमीटर जाडीचा पाइप लिहिला होता, निघाला १.६ चा. पाइपची टोकं आधीच झाकण लावून वेल्ड केलेली होती, ती सफाई म्हणून आम्ही कौतुक केलं होतं. खरं तर जाडी दिसते ती टोकालाच. पत्रा ०.५० मिलिमीटरचा म्हणून ०.३५ चा. गठ्ठ्याच्या वरच्या दोन पत्र्यांवर चांगल्या कंपनीचा छाप होता, खालच्यांवर काही नाही. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, चार चार फुटांवर हवेत, ते साडेसहा फुटांवर.

भाच्याने मला जे दाखवलं ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. व्हर्निअरसुद्धा लागत नाही. चार बाय दोनचा वीस फुटी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर २७-२८ किलो भरतो, १.६ चा असेल तर २२ च्या आसपास. म्हणजे माल उतरवताना दोन पाइप काट्यावर टाकले की झालं. पत्र्याचंही तसंच, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे चार किलो, ०.३५ चा पावणेतीन. भाव चौरस फुटावर ठरवा, हरकत नाही, पण माल काटा पावतीसह घ्या आणि कोटेशनवर जाडी, वजन, पर्लिनचं अंतर, खड्ड्याची खोली लिहून सही घ्या. खड्डे भरताना घरातलं कुणीतरी तिथे उभं पाहिजे. लग्न असो, काही असो. आणि पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, भाव वाढण्याच्या धाकावर नाही. पाया बघून झाल्यावर एक, सांगाडा उभा राहिल्यावर एक, आणि शेवटचा मोठा हप्ता एक पाऊस पडून गेल्यावर. जो ठेकेदार याला नाही म्हणेल त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

वादळानंतर त्याचा फोन दोन दिवस वाजत राहिला, तिसऱ्या दिवशी बंद. दिलेल्या पत्त्यावर भाड्याची रिकामी खोली. शोधताना कळलं, पिंपळगावकडच्या एका शेतकऱ्याचा गोठा त्याने असाच केला होता. त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी मोबाइल काढला आणि त्यांना आलेले खड्ड्यांचे फोटो दाखवले. तीच लाल माती, तोच टेप.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं की हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा. काम वाईट केलं एवढंच सांगितलं तर तसंच ऐकायला मिळतं. दुसऱ्यांदा जाताना आम्ही दोन गोष्टी पुढे ठेवल्या: दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक आणि दुसऱ्या जागेचे फोटो आमचे म्हणून पाठवणं. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता, हे यातून दिसतं. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली. जुन्या कायद्यात हेच ४२० होतं. सोबत जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. काय करायचं सुचत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. रोख दिलेल्या १ लाख ६० हजारांचा मात्र आमच्याकडे एक कपटाही नाही, आणि वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की ते सिद्ध करणं अवघड आहे.

आबा त्या दिवसापासून स्वतःला दोष देतात. मी त्यांना सांगते की व्यवहार माझ्या हातात होता, सही माझी होती. ते ऐकून घेतात आणि उठून चांदणीच्या पायाला हळदीचं तेल लावायला जातात.

नवी पागा दिवाळीनंतर उभी राहिली, निम्म्या आकाराची, एकच ठाण, पडवी पूर्वेला. पाइप उतरले तेव्हा आबा काट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक नग वहीत लिहीत.

तुमच्यापैकी कुणाला लाल मातीतल्या खड्ड्यांचे, पिवळा टेप धरलेले फोटो कोटेशनसोबत किंवा नंतर आले असतील, तर ते पुसू नका. कोणत्या तारखेला आणि कोणत्या नंबरवरून आले ते तसंच ठेवा, आणि आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सध्या आम्ही आणि पिंपळगावकडचे ते शेतकरी, असे दोघेच तक्रारदार आहोत.