गच्चीवरचं सोलर, दहा महिने आणि माझी आरओची बादली

किती किलोवॅट, कोणती सबसिडी, नेट मीटर म्हणजे काय हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. आमचं तीन किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, 540 वॅटची सहा पॅनल, इंदूरला सुदामा नगरात, मार्च 2025 ला लागलं. लिहायला बसले ते नोव्हेंबरात व्हेंडरशी झालेल्या भांडणामुळे, आणि ते भांडण मी हरले, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आधी पैसे. एकूण 1,85,000. दहा टक्के आपले, बाकीचं लोन, तारण काही नाही, रेपो रेट (रिझर्व बँकेचा मूळ व्याजदर) च्या वर अर्धा टक्का म्हणजे तेव्हा पावणेसात, दहा वर्षांचा हप्ता 1,900 च्या जरा वर. लोनचा अर्ज ऑनलाइन पटकन झाला, अडकलं भलतीकडेच. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली, कोणाच्या लक्षातच नव्हतं कारण बिल भरलं जायचं. नाव बदलण्यात महिना गेला. ज्यांच्या घरी असं असेल त्यांनी कोटेशन मागवायच्या आधी ते करून घ्या. सरकारची 78,000 सबसिडी नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजतं ते) लागल्यावर महिन्याभरात आली, नवरा म्हणाला फ्रिज घेऊ, मी त्याच दिवशी लोनमध्ये भरून टाकली. जूनमध्ये रिझर्व बँकेनी रेट कापला तसं आमचं व्याज पण सहावर आलं, ते बघून जरा बरं वाटलं.

आमच्याकडे बिलाचं वेड जुनं आहे. सासूबाई हिवाळ्यात महिन्याला 150 युनिटच्या आत राहायचं म्हणून संध्याकाळी सगळ्यांना एकाच खोलीत बसवायच्या, कारण त्याच्या आत राहिलं की पहिली 100 युनिटं 100 रुपयात. उन्हाळ्यात एसी लागला की साडेतीन हजार. आता बिल येतं ते फिक्स चार्ज वगैरे धरून दोनशे-तीनशे. शून्य होत नाही, कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि लाइट गेली की सोलर पण बंद. जूनच्या एका वादळानंतर दुपारभर कडक ऊन आणि घरात पंखा नाही, मी घाम पुसत पॅनलकडे बघून राहिले होते. लाइनमनला शॉक लागू नये म्हणून ते आपोआप बंद होतं, बरोबरच आहे, पण विकताना हे एवढ्या हळू आवाजात सांगतात की बस.

आता मुद्दा. एप्रिलला रोज 14-15 युनिट यायचे. मेमध्ये मला वाटलं अजून वाढतील तर उलट थोडे कमी, कारण पॅनल तापलं की कमी देतं, त्याला ऊन पाहिजे, उकाडा नको. पावसाळ्यात कधी पाच, कधी सात. दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ, मी रोज ॲप उघडून बसायचे, आणि आकडा साडेनऊच्या वर जाईना.

समोरच्या काकांचं त्याच व्हेंडरचं, तेच पॅनल, तीच दिशा, साडेअकरा. रोज. हे काका म्हणजे हिशोबी माणूस. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या नगर निगमनी 244 कोटींचे ग्रीन बॉण्ड काढले होते, म्हणजे लोकांकडून व्याजावर पैसे घेतले होते, जलूदला 60 मेगावॅटचा सोलर प्लांट टाकायला, नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून चढवायचं लाइट बिल कमी व्हावं म्हणून. सव्वाआठ टक्के व्याज. काकांनी घेतले. आता मला म्हणतात, "तू सोलरसाठी व्याज भरतेस, मी सोलरचं व्याज खातो." वर साडेअकरा युनिट.

मी व्हेंडरला मेसेज टाकला, पॅनल खराब दिलेत. दोन दिवस उत्तर नाही, मग फोन, मग मी भडकले, पाच वर्षांचा मेंटेनन्स लिहून दिलाय तुम्ही. तो म्हणे, "मैडम, मेंटेनेंस में धुलाई नी आती." मी म्हंटलं धुलाई मी करते हो, दर रविवारी करते, काका तर गणपतीपासून एकदा पण धुवत नाहीयेत! त्यानी मुलगा पाठवला. मुलानी वर जाऊन पॅनलवर नख ओढलं. पांढरी रेघ उमटली. धूळ नव्हती, पापुद्रा होता, गीझरच्या रॉडवर बसतो तसा, कडेला जाड आणि मधे ओघळ सुकल्याचे डाग. "पानी कौन सा डालते हो?"

तर पाणी. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड, ते गच्ची धुण्यात कोण घालवणार. बोअरचं खारं. मग मी आरओ फिल्टरच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते बादलीत भरून ठेवायचे आणि त्यानीच पॅनल धुवायचे, वर सगळ्यांना सांगायचे की बघा, एक थेंब फुकट घालवत नाही. आरओ पाण्यातले सगळे क्षार काढून नेमका त्याच नळीतून बाहेर टाकतो हे शाळेतली मुलं पण सांगतील. सासूबाई खालूनच ओरडल्या, "अगं, याच बादलीनी तुळस जाळली होतीस ना गेल्या वर्षी!" जाळली होती. खरंय.

दुसरी चूक तर त्याहून मोठी. ऑक्टोबरात डाग दिसायला लागले तेव्हा मी एक पॅनल हिरव्या घासणीनी घासून काढलं होतं. मुलगा म्हणाला काचेवर एक कोटिंग असतं, ते गेलं, वॉरंटीत बसणार नाही.

बाकीची पाच पॅनल व्हिनेगरमध्ये पाणी घालून मऊ फडक्यानी पुसली, दोन रविवार गेले, कंबर गेली. आता महिन्यातून एकदा, उजाडायच्या आत, नर्मदेच्या दोन बादल्या, आणि वायपरनी लगेच ओढून घ्यायचं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर अजिबात नाही, तडकू शकते.

व्हेंडरला रागात दोन स्टार दिले होते, ते चार केलेत. पाचवा देणार नाही. सहा पॅनल लावताना कबुतरांची जाळी विकायला तो दोनदा आला, पाण्याबद्दल एक वाक्य बोलला नाही.

आरओची बादली आता फरशी पुसायला. काकांनी अजून धुतलेलं नाहीये. काल त्यांचे 12.4, आमचे 12.1. तो पॉइंट तीनचा फरक घासणीचा.