शेवटच्या चार डाइव्ह: नेत्राणी की हॅवलॉक?

स्कूबा डायव्हिंगची थिअरी ऑनलाइन झाली, पोहण्याच्या तलावातला भागही उरकला, की ओपन वॉटर कार्डासाठी, म्हणजे पहिल्या प्रमाणपत्रासाठी, उरतात समुद्रातल्या चार डाइव्ह. पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेचा रेफरल, म्हणजे उरलेल्या डाइव्ह दुसरीकडे करता येण्याचा कागद, असेल तर त्यासाठी 12 महिने हातात असतात. बडोद्याहून निघणाऱ्यापुढे खरे पर्याय दोनच: कर्नाटकातल्या मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट आणि अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. घरचे तारकर्लीचं नाव काढतीलच, आणि मराठीत शिकायला मिळणं ही मोठी सोय आहे. पण तिथलं पाणी अनेकदा गढूळ असतं, म्हणून पहिल्या चार डाइव्हसाठी मी ते बाजूला ठेवलं.

खर्चाचा विचार केला तर नेत्राणीच स्वस्त. कोकण रेल्वेने जाता येतं, गाडी मुर्डेश्वरला थांबत नसेल तर भटकळला उतरायचं. परतीला विमान नसल्यामुळे शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास थांबावं लागत नाही. हॅवलॉकला विमान बदलून श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर), तिथून फेरी, आणि परतीआधी एक दिवस मोकळा ठेवणं भाग. पाण्याखालचं दृश्य आणि मासे दोन्हीकडे छान; त्यावरून निवड करू नये.

मला निर्णायक वाटली ती बोट. नेत्राणीला जायला साधारण दीड तास लागतो, यायलाही तेवढाच. बोटीवर विद्यार्थ्यांबरोबर हौशी पर्यटकही असतात आणि परतीची वेळ सगळ्यांची एकच. या चार डाइव्हमध्ये ठरलेल्या क्रिया करून दाखवायच्या असतात; अडखळायला होतं ते बहुधा एखाद्याच क्रियेत, आणि ती क्रिया सहसा मास्क पूर्ण काढून परत घालण्याची असते. नाकात पाणी शिरलं की माणूस नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो, वर जावंसं वाटतं. अशा वेळी तासभर बसून पुन्हा उतरणं हाच उपाय. बोटीवर तो तास मिळत नाही. वर हेलकाव्यांनी मळमळत असेल तर दुसरी डाइव्हसुद्धा हातची जाते.

हॅवलॉकच्या निमो रीफला किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरता येतं. उथळ, वाळूच्या तळावर गुडघे टेकून क्रिया करायची. नाही जमली तर बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. एका श्वासात वर येण्याची क्रियाही शांत पाण्यात सोपी जाते. 6 ते 9 मीटरवरून दोरीलगत ‘आऽऽ’ म्हणत वर यायचं असतं. 9 मीटरवर दाब 1.9 बार असतो, पृष्ठभागावर साधारण 1, म्हणजे वर येताना छातीतली हवा जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून श्वास क्षणभरही रोखायचा नाही. वर बोट डुलत असेल तर तिला बांधलेली दोरीही हिसके खाते आणि लक्ष आवाजावरून हातावर जातं.

निमो रीफची अडचणही सांगायला हवी: ओहोटीला पाणी फार मागे हटतं, पाठीवर सिलिंडर घेऊन प्रवाळाच्या तुकड्यांवरून चालावं लागतं. त्यामुळे डाइव्हची वेळ भरती पाहून ठरते. कडक तळाचे बूट हवेतच.

तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच. वैद्यकीय फॉर्ममधल्या उत्तरांमुळे डॉक्टरांची सही लागत असेल, तर ती बडोद्यातच घ्या. तिथे पोचल्यावर धावाधाव होते. लालबाग किंवा सरदारबागच्या तलावात स्नॉर्केलची नळी तोंडात धरून, मास्क न घालता, चेहरा पाण्यात ठेवून दोन मिनिटं श्वास घ्यायचा सराव रोज करा. नाक बंद ठेवून तोंडाने श्वास घ्यायची सवय लागली की मास्कची क्रिया निम्मी झाली. पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला बांधतात त्या वजनाचाही हिशेब बदलतो: समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड, म्हणून सामानासह 90 किलोच्या माणसाला तलावापेक्षा दोन-सव्वादोन किलो जास्त लागतात. रिकाम्या सिलिंडरचं वजन कमी होतं, म्हणून वजनाची खात्री डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये सुमारे 50 बार दाबाची हवा उरल्यावर करावी.

ज्यांना बोट लागत नाही, तलावात मास्क सहज निघतो आणि सुट्टी चारच दिवसांची आहे, त्यांनी नेत्राणीला जायला हरकत नाही. तिथे पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं, तेव्हा ऑक्टोबरनंतरचं बघा. बाकीच्यांना मी हॅवलॉकच सुचवेन. बुकिंग करताना विचारायचं ते एवढंच: चारपैकी किती डाइव्ह किनाऱ्यावरून होतील, आणि एखादी क्रिया राहिली तर पाचवी डाइव्ह कितीला पडेल.