बिल तीन कार्बोरेटरचे, उघडला एकच

मालवण तालुक्यातील आमच्या होडीच्या आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनाच्या दुरुस्तीत आमची फसवणूक झाली. तिची पद्धत बाहेरून इतकी नेटकी दिसते की जुने टू-स्ट्रोक इंजिन वापरणाऱ्यांना ती ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंजिन ४० हॉर्सपॉवरचे, तीन सिलिंडरचे, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) असलेले आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इंजिन उभे राहिले की कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल उडून जाते आणि ऑइलचा चिकट राप मागे राहतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाण्यासह वेगळे होऊन वाटीच्या तळाशी बसते. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी. त्यांतल्या पायलट जेटचे, म्हणजे इंजिन स्लोला (रेस न देता) चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचे, केसाएवढे भोक सर्वांत आधी बुजते, त्यामुळे इंजिन चोकवर सुरू होते पण स्लोला टिकत नाही. आमची तक्रार नेमकी हीच होती.

ज्या वर्कशॉपमध्ये इंजिन दिले, तेथील मेस्त्रीने तिन्ही कार्बोरेटर उघडून अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुण्याचे आणि सुई व सीट (वाटीत येणारे पेट्रोल उघड-बंद करणारी जोडी), फ्लोट (वाटीतला तरंगता भाग), पॅकिंग व ओ-रिंग यांचे ओरिजिनल किट तिन्हींना बसवण्याचे कबूल केले. इंजिन परत मिळाले तेव्हा कार्बोरेटरवर काळ्या रंगाचा ताजा फवारा होता, किटची तीन रिकामी पाकिटे बिलाला टाचलेली होती आणि काढलेले जुने भाग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेले होते. पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून दाखवले, तेही एकसारखे चालले. एवढा पुरावा समोर असताना शंका घ्यायची तरी कशावर?

पिंपातील चाचणीतच खरी मेख आहे. पिंपात इंजिनावर समुद्रातला भार नसतो, आणि स्लोचा स्क्रू थोडा आवळून फेरे वाढवले की बुजलेल्या पायलट जेटचा दोष झाकला जातो. समुद्रात पूर्ण रेस दिल्यावर मात्र ताकद अचानक उतरली आणि खालचा सिलिंडर सीझ (आतला पिस्टन जाम) झाला. या इंजिनाला ऑइल वेगळे मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच ५० भागांस १ या प्रमाणात मिसळलेले असते. त्यामुळे ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडते, त्याला ऑइलही तितकेच कमी पडते.

दुसऱ्या मेस्त्रीने आमच्यासमोर कार्बोरेटर उघडले. वरच्या दोन्हींच्या वाटीचे पॅकिंग इतके कडक झाले होते की वाटी सोडवताना त्याचे तुकडे पडले आणि कडा सुरीने खरवडून काढाव्या लागल्या. नव्याने बसवलेले पॅकिंग काही आठवड्यांत असे होत नाही. आत तपकिरी राप आणि तळाला पांढरट-हिरवा गंज तसाच होता. खालचा कार्बोरेटर तेवढा उघडलेला होता, पण त्याच्या मेन जेटवर (पूर्ण रेसला पेट्रोल देणाऱ्या जेटवर) इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा लहान आकडा, अर्थात बारीक भोक, कोरलेला होता, म्हणजे भंगारातला हाती लागेल तो जेट बसवला होता. पेट्रोल कमी पडल्याने त्याच सिलिंडरचा प्लग पांढराफटक पडला होता आणि त्यावर पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटले होते. मग जुन्या भागांची ती पिशवी सोडली. आमच्या इंजिनाला कार्बोरेटर तीन, आणि पिशवीत सुया चार! फ्लोट तर भलत्याच आकाराचे होते. पाकिटांवरचे पार्ट नंबर दुसऱ्याच मॉडेलचे निघाले. बहुधा हीच पिशवी अनेक गिऱ्हाइकांना दाखवली जात असावी.

म्हणून इंजिन देण्यापूर्वी वाट्या उघडायला लावून प्रत्येक जेटच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा आणि तो पुस्तकाशी ताडून पाहावा, कारण काही इंजिनांत वरच्या व खालच्या कार्बोरेटरचे जेट मुळातच वेगळे असतात. जुन्या पॅकिंगच्या कडेला आणि फ्लोटवर मार्करने खूण करावी. परत मिळालेल्या भागांवर ती खूण दिसलीच पाहिजे. जेटमध्ये तार घालून साफसफाई चाललेली दिसली तर काम तिथेच थांबवावे, कारण पितळ मऊ असते आणि भोक एकदा वाढले की मिश्रण कायमचे बिघडते. पूर्ण पैसे समुद्रातील चाचणीनंतरच द्यावेत. त्या चाचणीत काही वेळ पूर्ण रेसवर चालवून, रेस कमी न करता इंजिन तसेच बंद करावे आणि तिन्ही प्लग काढून पाहावेत. बिस्किटाच्या रंगाचा प्लग चांगला. पांढरा दिसला तर होडी पुढे नेऊ नये.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. होडी धंद्याची असल्याने ‘व्यावसायिक कारण’ म्हणून आक्षेप येऊ शकतो; परंतु स्वतः राबून केवळ उदरनिर्वाहासाठी होडी चालवणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानले आहे, आणि तसे तक्रारीत स्पष्ट लिहावे लागते. पक्के बिल, पाकिटे, न जुळणाऱ्या सुया आणि दुसऱ्या मेस्त्रीचा सहीचा लेखी अहवाल आम्ही जोडला आहे. पहिल्या वर्कशॉपने आपल्या उत्तरात चौथ्या सुईबद्दल अवाक्षर काढलेले नाही.